चार रीटा आणि तांदळाचं ताट

आमच्या गावात एकेकाळी चार रीटा होत्या. तिरोड्याकडचं गाव, घरं जेमतेम पाऊणशे, सगळी धान पिकवणारी. चर्च पंचक्रोशीत नाही, तरी चार. याचं कारण एक केरळी सिस्टर. थोड्या अंतरावर मिशनचा लहानसा दवाखाना होता, तिथे ती बाळंतपणं करायची. माझ्या वेळी आईला दोन दिवस कळा आल्या, सुईणीनं हात टेकले, तेव्हा बैलगाडीत घालून तिला तिकडे नेलं. मायलेकी सुखरूप घरी आलो. वडिलांनी आनंदाच्या भरात बारशाला आत्याला विचारलंसुद्धा नाही, सिस्टरचंच नाव ठेवून मोकळे झाले. नाव ठेवायचा मान हुकला म्हणून आत्या वर्षभर फुगून होती.

सिस्टरनं आईला सांगितलं होतं, हे आमच्यातल्या एका संतिणीचं नाव. सगळे उपाय थकले की लोक तिचा धावा करतात. आईला तेवढं पुरलं. त्या नावाचं मूळ फार पुढे माझ्या मुलानं मोबाईलवर शोधून दिलं. इटलीकडे मार्गारिटा म्हणतात, त्याचं हे शेपूट. आणि मार्गारिटा आलं ग्रीकांकडून, अर्थ मोती. मी सावळी, नाकानं बसकी. मला मोती म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं, त्यामुळे दोन दिवस मी फार खुशीत होते.

शाळेत गुरुजी वैतागायचे. एकीला हाक मारली की चौघी उभ्या. मग त्यांनीच वाटणी केली: नहरवाली, चक्कीवाली, किराणावाली आणि मी बोडीवाली, कारण आमच्या धानाच्या बांध्या बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तलावाच्या काठाला होत्या. आम्ही चौघी भांडायचो खूप, पण बोरं सारखी वाटून खायचो.

मग लग्नं झाली आणि एकेक रीटा नाहीशी झाली. लग्न लागून सासरी आलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. जुनं नाव कोणी पुसत नाही, ते नुसतं लिहिलं जात नाही. माझ्या ताटात सासूबाईंनी ठरवलेलं एका देवीचं नाव आलं. खोटं कशाला सांगू, मी रडले नाही. भूक लागली होती आणि नवरा बरा दिसत होता. गंमत म्हणजे, इतक्या सुबक अक्षरात लिहिलेल्या त्या नावानं त्यानं मला कधी हाक मारली नाही. ‘काय वो’ एवढ्यावर आमचा संसार चालला, आणि चांगला चालला. माहेरी मात्र मी रीटाच होते. आई गेली आणि ते नाव घेणारं कोणी उरलं नाही, त्याचं मला फार वाईट वाटलं.

यंदा मुलाचं लग्न केलं. सून गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली, बोलायला फटकळ. माझं नाव बदलायचं नाही, असं तिनं मुलाला आधीच बजावलं होतं. त्यानं ते मला चाचरत सांगितलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझं बदललं तर हिचं काऊन नाही, हे एक पोटात होतंच. दुसरं त्याहून वाईट होतं. नाव ठरवायचा मान आता माझा, आणि मी ते ठरवून टाकलं होतं: रीटा. सुनेच्या निमित्तानं का होईना, घरात ती हाक पुन्हा ऐकू आली असती. यापेक्षा चांगली भेट मी तिला काय देणार, असं मला मनापासून वाटत होतं.

ताट मांडलं, बाया गोळा झाल्या. मुलानं अंगठी हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. सून माझ्याकडे पाहत नव्हती, ताटातल्या कोऱ्या तांदळांकडे पाहत होती. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पाठवणीच्या वेळची तिची आई आठवली. गाडी सुटेपर्यंत ती लेकीला नावानं हाका मारत होती.

“तिचं हाये तेच लिव,” मी मुलाला म्हटलं.

“रीत मोडून राहिली का वो तू?” नणंदेनं विचारलं.

“मोडून राहिली,” मी म्हणाले.

बाया पांगल्यावर सुनेनं हळूच विचारलं, मम्मीजी, आपका पहले क्या नाम था? मग मी सगळंच सांगत बसले, चार रीटा, सिस्टर, मोती. तिला काय ठरवून बसले होते तेही सांगितलं, तेव्हा ती आधी दचकली आणि मग पोट धरून हसली. नवरा खांबाला टेकून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सगळे नागऱ्याला महादेवाचं दर्शन घेऊन आलो आणि त्याच ताटातल्या तांदळाचा भात केला. मी वाढत होते. नवऱ्यानं ताट पुढे केलं, घसा खाकरला, नणंदेकडे एकदा पाहून घेतलं.

“रीटा,” तो म्हणाला, “भात टाक.”

माझा हात तिथेच थांबला. मग भात वाढला, जरा जास्तच वाढला. त्यानं तो सगळा संपवला.