तांबड्या रेघेवरचा काटा

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं तेव्हा मी तिथे ड्रायव्हर होतो. गाव माझं नगरकडचं. माझ्याकडे जी पिकअप दिली होती ती परदेशी साहेबांबरोबर बोटीतून आलेली, तिकडे आधीच बरीच वर्षं वापरलेली. स्टिअरिंग डावीकडे, क्लच नाही, गिअर आपोआप बदलायचे. सुरुवातीला माझा डावा पाय नसलेला क्लच शोधत राहायचा.

तिच्या गिअरबॉक्सचं तेल लवकर तापायचं. म्हणून साहेबाने डॅशबोर्डखाली एक जादा डायल बसवून घेतली होती. तेल किती तापलं ते तिच्यावर दिसे. काचेवर त्याने रंगाने तांबडी रेघ ओढली होती. काटा तिथे गेला की थांबायचं, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, इंजिन मात्र चालू ठेवायचं, म्हणजे आत तेल फिरत राहून थंड होतं. "नाही थांबलास तर इंजिन ओरडत राहील आणि चाकं फिरणार नाहीत," असं त्याने मोडक्या हिंदीत मला बजावलं होतं. ते मी एकदा पाहिलंही होतं. माझ्या आधीच्या ड्रायव्हरने ऐकलं नव्हतं. खालून लाल तेल गळत होतं, जळका वास सुटला होता, आणि गाडी दोर बांधून ओढून आणावी लागली होती. तिला नवा गिअरबॉक्स यायला कितीतरी महिने लागले.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळभर मी किनाऱ्यावरच्या वाळूतून पिकअपने सिमेंटची पोती वाहत होतो. वाळूत गाडी हळू चालते, जोर फार लागतो, आणि तेल तापतं ते तेव्हाच. दुपारी गाडी उभी करून डबा उघडला, तोच घिवलीहून दोन कोळी धावत आले. एका घरची सून अडली होती. सुईणीने हात टेकले होते, नवरा बोटीवर समुद्रात, एसटी निघून गेलेली. साहेब म्हणाला, "जा."

घिवलीला पोचल्यावर पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात गवत पसरलं, त्यावर गोधडी. तिला उचलून आडवी केली. बरोबर सासू, हिरव्या लुगड्यातली उंच बाई. ती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "पोरा, पालघरला ने. लवकर, पन हलवू नको."

गावाबाहेरच्या वाळूतच काटा चढायला लागला. पुढे बोईसरच्या रस्त्याला लागल्यावर जरा उतरेल असं वाटलं होतं. पण रस्ता फुटलेला, मागे अडलेली बाई, त्यामुळे वेग घेता येईना. बोईसर मागे पडलं. मिठागरांच्या बाजूला काटा रेघेला टेकला आणि मग रेघेच्या पलीकडे गेला. खालून तो वास यायला लागला. मी गाडी बाजूला घेतली.

"का थांबवलीस रे?" सासू ओरडली.

"मावशी, तेल तापलंय. आता रेटली तर इथेच बसेल, मग पालघर नाही आणि घिवलीही नाही."

"किती वेळ?"

"काटा उतरला की लगेच."

तिने खाली उतरून खिडकीतून त्या डायलकडे पाहिलं. तिला त्यातलं काय कळणार होतं! पण तिने मान हलवली. मग हौद्यातून सुनेची किंकाळी आली आणि सासू मागे वळली.

मिठागरावरच्या बाया धावत आल्या. त्यांनी चारी बाजूंनी लुगडी धरली. सासूने मला सांगितलं, "तू पुढं बस. मागं बघू नको." मी बसलो. इंजिन चालू. सगळी गाडी थरथरत होती. मागे बायकांचे आवाज, कण्हणं, कोणीतरी "दम धर, बाय" म्हणत होतं. बघण्यासारखं माझ्यासमोर एकच होतं, तो काटा. इतका हळू उतरत होता की नजर हटवून परत आणली तरच फरक कळे.

तो रेघेखाली आला. तेवढ्यात मागचे सगळे आवाज बंद झाले. मी वाट पाहिली. मुलाचा आवाज आला नाही. मग सासू खिडकीशी आली. हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "चल आता," ती म्हणाली. "सून तरी वाचू दे."

सून वाचली. पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी बाहेर गाठून विचारलं, आधी पोचलो असतो तर? ते म्हणाले, "मूल आधीच पोटात गेलं असावं." असावं. मी तो शब्द किती वेळा उलटसुलट करून पाहिला आहे! त्या शब्दावर बोट ठेवलं की तो कधी इकडे झुकतो, कधी तिकडे.

पाऊस यायच्या थोडं आधी, एका सकाळी, ती सून एकटीच आमच्या बांधकामाच्या फाटकाशी आली. डोक्यावर टोपली, चेहरा उतरलेला. मला वाटलं, बोल लावायला आली.

"दादा, सासूनं सांगितला तो काटा दाखव मला."

मी पिकअपचं दार उघडलं. ती टोपली खाली ठेवून आत वाकली. गाडी रात्रभर उभी असल्याने काटा अगदी तळाला होता. तिने काचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"आता हलत नाय?"

"गाडी थंड हाय," मी नकळत तिच्यासारखंच बोललो.

"मी आडवी व्हते, मला वाटलं कोनीतरी गाडीला धरून ठेवलंय." ती उभी राहिली. "एवढुसा हाय."

टोपली उचलून ती गेली. पुढचे कितीतरी दिवस त्या डायलवरचा तिच्या बोटाचा ठसा मला दिसत होता. मी काच पुसायचो, आणि गाडी तापली की तो पुन्हा दिसे. डोळ्यांचा भ्रम असेल. मी कोणाला सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर मी दुसरी गाडी मागून घेतली, साध्या गिअरची.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बायकोला दिवस गेले तेव्हा मी तिला फारच लवकर माहेरी पाठवायला निघालो. सगळे हसले. ती रुसली. पालघर स्टेशनला जाताना एसटीत तिने विचारलं, "एवढी घाई कसली? मी नकोशी झाले का?" तेव्हा मी तिला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. बोईसर गेलं, मिठागरं लागली, तशी तिने माझा हात धरला.

"कुठली जागा?"

मी बोट दाखवलं. मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते, दोन बाया फावड्याने मीठ ओढत होत्या. बायकोने पदर तोंडावर ओढला आणि ती जागा मागे पडेपर्यंत डोळे मिटून बसली.