वस्तीच्या वाटेवर टेकाळे बाई

टेकाळे बाईंची आणि माझी पहिली भेट घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या शाळेत झाली. मी जालन्याच्या नोकरदार घरातला, विज्ञानाचा शिक्षक म्हणून नवाच रुजू होत होतो. पहिल्याच दिवशी बस चुकली आणि प्रार्थना संपून गेल्यावर मी पोहोचलो. बाई तेव्हा मुख्याध्यापिका होत्या आणि माझा वर्ग त्या स्वतः घेत होत्या. मला पाहताच त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "सर, धडा निम्मा झालाय. पुढचा तुमचा." दुसऱ्या दिवसापासून मी आधीची बस धरू लागलो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीबद्दल आणि मराठीच्या तासाबद्दल इतर सहकारी लिहितीलच. मला एका सहलीबद्दल लिहायचे आहे.

जालन्याला सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्या काही मंडळींची व्याख्याने होती. नववी-दहावीच्या मुलींना तिथे न्यायचे बाईंनी ठरवले. सहल म्हटली की वेरूळ किंवा पैठण, अशी पालकांची समजूत. "भाषणं ऐकायला एवढ्या लांब कशाला?" असे अनेकांनी विचारले. बाई म्हणाल्या, "चार चांगल्या गोष्टी कानावर पडतील. मी सोबत आहे." त्या शब्दावर पालकांनी मुली पाठवल्या. बाईंबरोबर मीही गेलो.

व्यसनांवर, पाण्यावर बोलणे झाले. शेवटी एक वकील ताई उभ्या राहिल्या. "तुमच्याशी कुणी वाईट वागत असेल, तर चूक तुमची नाही. एका तरी मोठ्या माणसाला सांगा," असे त्यांनी शांतपणे सांगितले. प्रश्न विचारायला सांगितल्यावर मात्र एकही हात वर झाला नाही.

परतताना बस अंबडला चहासाठी थांबली. बाकी सगळ्या मुली उतरल्या. नववीतली एक मुलगी खिडकीशी तशीच बसून राहिली. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मी पुढच्या सीटवर होतो.

"बाई, मला त्या जीपनं न्हाई यायचं."

"का गं?"

"जीपवाला रोज मलाच पुढं बसवतो. अंगाला हात लावून राह्यला." मग ती रडू लागली. "घरी सांगू नका. बापू शाळा बंद करतेल."

"घरी सांगावं लागेल, बाळा. पोलिसांतही सांगावं लागेल. पण शाळा बंद होणार नाही, हे माझ्याकडं लागलं."

उरलेला सगळा रस्ता बाई तिचा हात धरून बसल्या होत्या. मी मात्र पुढचा विचार करत होतो. गावाबाहेरच्या वस्तीवरून मुलींना शाळेत यायला जीपशिवाय दुसरे साधन नव्हते. बाई हा शब्द पाळणार तरी कसा?

गावात उतरल्यावर त्या थेट वस्तीवर, मुलीच्या घरी निघाल्या. मीही सोबत गेलो. वडिलांनी सगळे ऐकून घेतले, उठले आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. बाई दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही तुरुंगात गेलात, तर हिच्यामागं कोण? माझ्यासोबत ठाण्यात चला."

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, पण ठाण्यात यायला ते तयार होईनात. "मंग उद्यापासून ही घरीच राहील," ते म्हणाले.

"चूक त्यानं केली आणि शिक्षा हिला?"

इतका वेळ चुलीपाशी बसलेली मुलीची आई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला बाई, मी येते." त्याच संध्याकाळी तक्रार दाखल झाली.

जीपवाल्याला अटक झाली आणि खरा ताण पुढेच सुरू झाला. त्या मार्गावरच्या बाकीच्या जीपवाल्यांनी मुलींना बसवून घेणे बंद केले. शाळेच्या समितीतले एक सदस्य जीपवाल्याच्या नात्यातले होते. ते कार्यालयात आले.

"भाषणं ऐकवायला नेलं, तिथूनच हे सुरू झालं. तक्रार मागं घ्यायला लावा. न्हाईतर या खुर्चीवर कोण राहतं ते बघू."

"खुर्ची केव्हाही घ्या," बाई म्हणाल्या. "तक्रार मागं घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वस्तीवर गेल्या आणि मुलींना घेऊन पायी शाळेकडे निघाल्या. त्या मुलीला तिच्या आईनेच बाईंच्या हवाली केले होते. इतर अनेक मुलींना पालकांनी घरी ठेवले होते. फाट्यावर मी त्यांना गाठले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, आणि आमच्या मागे दोन मोटारसायकली अगदी हळू येत होत्या. वर जीपवाल्याचीच माणसे होती; ती पुढे काही जात नव्हती. मुली एकमेकींना चिकटून चालू लागल्या.

बाई मागे न पाहता म्हणाल्या, "सर, प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं राहिलंय ना? सुरू करा."

मी सुरुवात केली. शाळेच्या फाटकापर्यंत मी बोलत राहिलो.

असे रोज चालले. एका सकाळी आम्ही निघालो, तेव्हा त्या मुलीचे वडील काठी घेऊन आमच्या मागून चालू लागले, मुली आणि मोटारसायकलींच्या मधोमध. त्यांनी बाईंकडे पाहिलेही नाही. पुढच्या आठवड्यात आणखी काही वडील आले आणि घरी बसलेल्या मुलीही आल्या. मोटारसायकली दिसेनाशा झाल्या. बाई मात्र एसटीच्या आगारात खेटे घालतच राहिल्या, शाळेच्या वेळेची बस वस्तीवर सुरू होईपर्यंत.

खटला अजून चालू आहे. ती मुलगी आता जालन्यात कॉलेजला आहे. हे लिहिण्यापूर्वी मी तिला फोन करून विचारले.

"लिहा सर," ती म्हणाली. "माझं नाव नको. बाईंचं मात्र पूर्ण लिहा."

म्हणून पूर्ण लिहितो. श्रीमती मंदाकिनी भगवानराव टेकाळे यांचे गुडघे अलीकडे दुखतात, ते लवकर बरे व्हावेत. बाईंना हिंडते-फिरते, निरोगी आयुष्य शंभरीपर्यंत लाभावे, आणि ज्या मुलींना अजून कुणालाच काही सांगता आलेले नाही, त्यांना बाईंच्या घराचा रस्ता सापडावा.