जेवणाची रेकॉर्ड

त्या दिवशी सकाळी अशी धुई पडली होती की समोरच्या सुकलालभाऊच्या दारातला मांडव दिसेना. बोदलकसा तलावाकडून नुसतं पांढरं पांढरं येऊन राहिलं होतं. गल्ली गायब, मांडव गायब, पाहुणे गायब. आवाज तेवढा येत होता, "हॅलो, चेक, चेक!" गोंदियाचा डीजे आला होता. सुकलालभाऊच्या नातीचं, पायलचं लग्न.

मी आपला शेकोटीपाशी बसून ऐकत राहिलो. हे "हॅलो, चेक" म्हणण्यात माझी उभी जवानी गेली. रेकॉर्ड लावायची मशीन, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी, झाडावर बांधायचे दोन पोंगे, म्हणजे कर्णे, आणि पेटीभर रेकॉर्डी! आमच्या धंद्यातले किस्से म्हणजे मांडवाच्या दारातला चपलांचा ढीग. आपली एक ओढावी, तर दुसऱ्याच्या चार हाती येतात.

पायल लहानपणी माझ्या मशीनपाशी येऊन बसायची. "आबाजी, माह्या लग्नात तुमीच वाजवजा!" मी हो म्हटलं होतं. म्हणून लग्न ठरल्याबरोबर मशीन माळ्यावरून काढली, पुसली, नवी पिन बसवली आणि सुकलालभाऊकडे गेलो. म्हटलं, "एकच रेकॉर्ड लावू दे गा."

"गोंदियाचा डीजे येऊन राहिला, आन तू भंगार कायले मांडतो मांडवात? नवरदेवाकडच्या लोकाइसमोर इज्जत जाईन ना!"

सुकलालभाऊ मनाचा वाईट नाही. तोंडाला झाकण नाही, इतकंच. पायल दारात उभी होती. ती खाली पाहत राहिली. मी मशीन परत नेली. पण माळ्यावर काही ठेववली नाही.

*

माझ्या धंद्याच्या दिवसांत चिचगडच्या अंगाला एक लग्न होतं. घरधन्याचा थोरला जावई रुसून आपल्या गावी बसला होता. त्याचं गाव धानाच्या बांध्यांपलीकडे, समोर दिसणारं. मी मोहाच्या झाडावर पोंगा बांधला तसा घरधनी आला.

"पोंग्याचं तोंड कोणीकडे केलं?"

"गावाकडे."

"गावाले तं आमंत्रण आहेच! तिकडे फिरव, जावयाच्या घरावर!"

फिरवला. सकाळपासून वाजवून राहिलो. दुपारी जावई सायकल हाणत आला तो थेट माझ्यापाशी. "बंद कर बाप्पा! सकाळपासून बायको रडून राहिली, सयपाक नाही, पाणी नाही!" मागे कॅरिअरवर बायको. नवं लुगडं नेसून, हसत!

घरधनी हळूच मला म्हणाला, "आता पोंगा सरळ करून घे."

*

त्या काळी गावात लाइट नव्हती. माझी बॅटरी उतरली की ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढायची. एका लग्नात वरातीच्याच ट्रॅक्टरची घेतली. गाणी झकास वाजली, लोक भारी नाचले. नवरी निघायची वेळ झाली, तर ट्रॅक्टर हूं की चूं करेना!

अख्खी वरात धक्का मारायला लागली. शेवटी नवरदेवही उतरला, बाशिंग मागे सरकवलं आणि लावला खांदा. नवरीचा बाप रडता रडता थांबला. म्हणाला, "चला, जावई कामाचा आहे!"

*

उन्हाळ्यात एक रेकॉर्ड टिनाच्या पत्र्यावर राहून गेली. उचलली तर पापड! टाकून द्यायची, पण मी लावून पाहिली. पिन वर चढे, खाली उतरे, आणि गाणं लाटांवर हेलकावे खात निघे. मला लाज वाटली. पण तलावावर मासे धरणाऱ्या ढीवरांच्या पोरांना ती अशी आवडली की विचारू नका! तिच्यावर ते डोंग्यात बसल्यासारखे डुलत नाचायचे. चांगली रेकॉर्ड लावली की ओरडायचे, "हे कोरडी नको, डोंग्याची लाव!"

*

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं ओळखीची झाली ती लग्नपत्रिका पाहून पाहून, फार उशिरा. तोवर रेकॉर्डी खुणांवर चालायच्या. हळदीचा अंगठा उमटलेली ती हळदीची. काठ उडालेली ती वरातीची. मधल्या कागदावर तेलाचा डाग असलेली ती जेवणाची. गाणं काय, कोणी म्हटलं, कोणाला पडली होती? ती लागली की पंगत बसायची, बस! बोलावणं करायला माणूस धाडायची गरज नाही.

एकदा नवरदेवाच्या मामाला तेच गाणं आवडलं. बाहेरगावचा माणूस, त्याला काय माहीत? "लाव ना भाऊ, लाव ना" करून जीव खाल्ला. मी लावली. पहिला सूर निघाला आणि पूर्ण गाव पत्रावळी घेऊन खाली बसला!

आचारी झारा घेऊन धावत आला. "कोणं लावली बे ही? तांदूळ आत्ताच टाकले ना मी!"

मी रेकॉर्ड बदलली. पण उठतो कोण? उठला की जागा गेली! शेवटी भात शिजेपर्यंत सगळे तसेच मांडी घालून बसले. आणि मामा? सगळ्यात पुढे!

*

त्या जेवणाच्या रेकॉर्डवर एकदा कोंबडी चढली. कोंबडी हाकलली, पण नखाचा ओरखडा राहून गेला. गाण्यात बाईचा आवाज चढत चढत जातो, आणि ऐन टोकावर अडकायला लागला. तेच तेच, तेच तेच! मग मी बोटानं हळूच ठोकायचो. बाई खाली उतरायची, गाणं पुढे निघायचं.

कधी माझं लक्ष नसलं की पंगतीतून हाक यायची, "ठोक गा!" पुढेपुढे सवयच झाली. बाई टोकावर पोचली की लहानथोर सगळे घास हातात धरून एका दमात ओरडत, "ठोक!" मी ठोकलं की घास तोंडात. आसपासच्या गावांत कित्येक पोरं अशीच जेवून मोठी झाली.

*

तर पायलचं लग्न. दुपारपर्यंत धुई उठली, छान ऊन पडलं. नवरदेवाकडच्यांसाठी टेबलं लावली होती, बफे. गावातले मात्र मांडवात खाली बसले, आमची पंगत.

डीजेवाला पोरगा गोड होता. मी त्याच्यापाशी गेलो. "बेटा, ये गाना है क्या तुम्हारे पास?" आणि गुणगुणून दाखवलं. त्यानं लॅपटॉपात शोधलं. "है ना दादाजी! एकदम क्लियर है!"

मनात म्हटलं, मशीन नाही तर नाही. गाणं तरी वाजू दे पोरीच्या लग्नात.

लागलं. काय साफ आवाज! बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पंगत खुलली. सुकलालभाऊ वरणाची बादली घेऊन वाढत होता. आवाज चढत गेला, चढत गेला, टोकावर पोचला. सगळ्यांचे हात हवेत थांबले, आणि पूर्ण मांडव ओरडला,

"ठोक!"

गाणं कोणी न ठोकताच पुढे निघून गेलं.

टेबलांकडचे पाहुणे दचकून मागे सरले. डीजेवाल्यानं लॅपटॉपवरचे दोन्ही हात उचलले, "मैंने कुछ नहीं किया!" पायल हसता हसता अशी वाकली की बाशिंग नाकावर आलं. पंगतीत घास तसेच हातात. कोणी खाईना.

सुकलालभाऊनं बादली खाली ठेवली. डीजेच्या त्या कपाटाएवढ्या डब्यांकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

"याची रेकॉर्ड बिघडली आहे गा. जाय, तुह्यावाली घेऊन ये!"