आमसुलाचं पाणी आणि माझी कंबर

अंगावर रोज पित्त उठायला लागलं ना, की किस्से आपोआप साठत जातात. माझ्याकडे तर वर्षभराचा स्टॉक झालाय. हसून घ्या, मला आता फक्त खाजवता येतं!

सुरुवात गोळ्यांनी झाली. त्यांनी झोप येते. माजिवड्याच्या ऑफिसात क्लायंटची व्हिडिओ मीटिंग, आणि मी कॅमेऱ्यासमोर चक्क घोरलेले! सावंत सर म्हणाले, "प्रेझेंटेशनमधला तेवढाच भाग क्लायंटला पटला."

मग ठाण्याचे स्किनचे डॉक्टर. त्यांनी हातावरचे चट्टे बघितले आणि टेप लावली कंबरेला!

"डॉक्टर, खाज हाताला येतेय."

"बऱ्याच जणांत पित्ताबरोबर वजन, शुगरपण वाढलेली दिसते. रिपोर्टमध्ये तुझी शुगर काठावर आलीय. घरात कुणाला आहे का असं काही?"

सोबत आई होती. ती ताडकन म्हणाली, "छे! आमच्यात कुणालाच नाही."

मी विचारलं, "वजन उतरवलं की पित्त जाईल ना?"

"शुगरसाठी उतरव. पित्ताचं वचन देत नाही."

म्हणजे गोड बंद, भात अर्धा, आणि वचनपण नाही! वा रे वा!

तरी चालायला लागले. मानपाड्याला आमच्याच बिल्डिंगमधली पल्लवी सोबत. पण चाललं की घाम, घाम आला की पित्त! मी रस्त्यातच मान खाजवत उभी. पल्लवी वैतागली, "तू चालू नको बाई. तू बसून बारीक हो!"

मागच्या महिन्यात स्थळ आलेलं. मुलगा खरंच आवडलेला मला. भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा ड्रेस घालून बसले. पोह्यांची प्लेट देताना बाही वर सरकली, आणि त्याच्या मावशीची नजर तिथेच अडकली.

"हे जातं ना हो?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "जातं की! आमसुलाच्या पाण्याने आठवड्यात साफ!"

काल सकाळी त्यांचा फोन आला. नको म्हणाले. आईने फोन ठेवला आणि आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. रोजच्यासारखं माझ्या पाठीला पाणी चोळलं. मी रडत होते, ती चोळत होती.

वाटीत थोडं उरलं. आईने दाराला कडी लावली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि ब्लाउजचे हुक काढले.

"उरलंय ते मला लाव."

पाठभर लाल चट्टे. थेट माझ्यासारखे.

"आई! हे कधीपासून?"

"तुझ्या बाबांचं स्थळ आलं त्याच्याही आधीपासून. हात चालव, सुकतंय पाणी."