मुद्देमालकाकी

काकीने आयुष्यात कोणाला चांगलं म्हटल्याचं आमच्या गावात कोणालाही आठवत नाही. नवी सून पाया पडायला आणली की ती म्हणे, "बरी हाय. अंधारात खपंल." कर्जतच्या डॉक्टरने रक्तदाब वाढलाय सांगितलं, तर म्हणाली, "तुज्या मशीनचा वाडला असंल." देवळावर नवा कळस बसला, सगळं गाव माना वर करून हात जोडून उभं, आणि ही म्हणते, वाकडा हाय. गवंड्याने रागारागाने ओळंबा लावला, तर खरंच वाकडा निघाला. माझं स्पष्ट मत आहे की तो आदल्या दिवसापर्यंत सरळ होता. काकीने बघितल्यावर वाकला.

कर्जत आणि खालापूरच्या मधलं आमचं गाव. देवळामागे एक खोली, आणि खोलीत गावकीची भांडी: तांब्याचे हंडे, पितळी पातेली, पराती, कढया. लग्न असो, हळद असो, तेरावं असो, भांडी तिथूनच जायची. रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की त्या घराने गावकीला एक भांडं द्यायचं, त्यावर गेलेल्याचं नाव कोरून. त्यामुळे आमच्या पूर्वजांची नुसती राख नदीला गेली. बाकी सगळे त्या खोलीत एकमेकांवर पालथे पडलेले असत. लग्नघरातल्या आरोळ्या ऐकाव्यात: "राघोआज्याला चुलीवर चढवा", "हिराआजीत पीठ मळा", "कमळूतात्या गळतोय, बाजूला काढा". राघोआजा सगळ्यांत मोठा हंडा. त्यात भात लावला तर अर्धा तालुका जेवून उठावा आणि खरवडीवर माथेरानचे घोडे पोसावेत.

या खोलीची चावी काकीच्या कमरेला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, जमीन दिरांनी गिळलेली. पण चावी होती म्हणून गावातल्या कोणाच्याही चुलीपर्यंत ती हक्काने जाई. भांडी परत आली की प्रत्येक हंड्यात डोकं घालून तपासणी करी आणि जे बोलायचं ते आतूनच बोले. हंड्यातून घुमत येणारा तो आवाज ऐकून भले भले यजमान अंगातल्या नव्या कपड्यांनिशी राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसत.

गावकीचा नियम एकच, भांडी शिवेबाहेर जायची नाहीत. तो काकीनेच मोडला, आणि मोडला तो कल्हईपायी. शिवेपलीकडे, खालापूरच्या अंगाला एका शेठचा बंगला होता. बंगला कसला, आत पोहायचा तलाव, तलावात पुन्हा कारंजं, म्हणजे पाण्याला पाण्याने आंघोळ. शेठला मुंबईच्या पाहुण्यांना चुलीवरचं 'गावचं जेवण' घालायचं होतं. भांडी द्या, सगळ्यांना कल्हई करून परत करतो, असा निरोप त्याने पाठवला. गावकी वर्षानुवर्षं कल्हईवर नुसत्या सभा घेत होती. काकी म्हणाली, "सभेनं तोंडं चमाकतात, भांडी नाय," आणि टेंपो भरून दिला.

पाहुणे जेवून गेले आणि दुसऱ्याच सकाळी बंगल्यावर केंद्राच्या तपासवाल्यांची धाड पडली. शेठने कुठल्याशा बँकेला बुडवलं होतं. सेंट्रलचे लोक आले म्हणताच अर्ध्या गावाला वाटलं रेल्वेला जमीन लागतेय. तिघेजण सातबारा घेऊन पळाले. तपासवाल्यांनी कॉम्प्युटर घेतले, फायली घेतल्या, आणि अंगणात धुऊन पालथी घातलेली आमची भांडीही घेतली. त्यांच्याबरोबर किंमत लावणारा एक चष्मेवाला होता. जुनं तांबं, वर कोरलेली अक्षरं बघून त्याने विचारलं, इथे जवळ काय आहे. कोणीतरी म्हणालं, कोंडाण्याची लेणी. झालं. पंचनाम्यात आमचे हंडे 'पुरातन ताम्रपात्रे' म्हणून चढले. लेण्यांतल्या भिक्षूंनी राघोआज्यात वरणभात रांधला, अशी त्याची समजूत झाली असावी. एवढं शिकूनही माणूस इतका रिकामा राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काकी धावत फाटकाशी गेली. साहेब हिंदी बोलणारा. तिने तिच्या हिंदीत सुनावलं, "ये हमारा गावका हाय. इसमें भात पकताय." साहेब म्हणाला, ज्याची वस्तू असेल त्याने अर्ज करावा. ट्रक गेला.

संध्याकाळी गावकी बसली. सगळ्यांत मोठा गळा बबनचा. हा राघोआज्याचा नातू; आजोबाचं तांबं भांड्यात आलं आणि पितळ याच्यात. काकीने गावाचं नाक कापलं, तिने चावी खाली ठेवावी, असं तो ओरडला. काकीने पदरही सावरला नाही.

"रिकाम्या खोलीची चावी घेऊन काय करशील रं? आत निजशील?"

लोक हसले, पण ठरायचं ते ठरलंच. चैत्रात देवीचा भंडारा असतो; तोवर भांडी आली नाहीत, तर चावी बबनकडे. काकीने कमरेची चावी मुठीत धरली आणि ती सभेतून उठली. शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन उठलेली ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चावी गेली असती तर ती नुसती एक म्हातारी उरली असती, आणि नुसत्या म्हाताऱ्यांचं आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग नोटिसा आल्या. मुंबईच्या साहेबांनी हंड्यांवरची नावं वाचली आणि त्यांना ती मालकांची वाटली. राघो, हिरा, कमळू यांनी जबाब द्यायला जातीने हजर राहावं, नाहीतर कारवाई. पोस्टमन बिचारा पत्ता विचारायला काकीकडे आला. काकीने त्याला नदीकाठ दाखवला. "तितं जाऊन हाका मार. उठलेच तर सांग, भांडी गेली."

गावकीने धरलेल्या कर्जतच्या वकिलाने कळवलं, ही माणसं मयत आहेत. उलट उत्तर आलं, मग वारसांनी यावं. इथे सगळा घोटाळा झाला. तोवर आमच्या गावाला आजे-पणजे पितृपक्षात कावळा ओरडला तरच आठवत. आता घराघरात वारस उगवले. बबनने खोपोलीच्या भंगारवाल्याला तांब्याचा भाव विचारून ठेवला. हिराआजीचे तीन नातू, जे बांधावरून एकमेकांच्या डोक्यात फावडं घालायला निघाले होते, ते एका रिक्षात बसून वकिलाकडे गेले आणि एका परातीचे तीन वाटे कसे करायचे विचारू लागले. काकीने त्यांना देवळापाशी गाठलं. "म्हातारीला पेज द्यायच्या वक्ताला तुमी तिघं कुटं व्हता? तवा वारस नवता का कोन?"

वकिलाने काकीला दोन वाटा सांगितल्या. एक, ज्याने त्याने आपापलं भांडं सोडवावं. म्हणजे भांडी येतील, पण घरोघर जातील, खोली रिकामीच राहील. दुसरी, कोर्टाने सगळा मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर एकाच माणसाच्या ताब्यात द्यावा, आणि त्या माणसाने खटला संपेपर्यंत तो सांभाळावा. काकीने दुसरी धरली. गावात ती कोणाशीच धड बोललेली नव्हती, त्यामुळे तिच्याबरोबर मुंबईला मी एकटाच गेलो. तेही मला तिला नाही म्हणायची भीती वाटली म्हणून.

न्यायाधीश बाई होत्या. सरकारी वकील पुरातन वारशावर इतका वेळ बोलला की तेवढ्यात आमचे हंडे खरेच पुरातन झाले असते. मग बाईंनी काकीला मराठीत विचारलं, या भांड्यांचे मालक कोण?

"मेली सगळी."

"मग तुम्ही कोण?"

"मी मरायची राहिली, म्हनून आली."

काकी पुढे म्हणाली की लेण्यातली भांडी असतील, तर त्यांच्या बुडाला आमच्या चुलीची काजळी कुठून आली, ते सरकारी वकिलामागे बसलेल्या ह्या चष्मेवाल्याला विचारा. बाईंनी विचारलं. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

हुकूम झाला: भांडी काकीच्या ताब्यात. अट अशी, की विकायची नाहीत, मोडायची नाहीत, कोणाच्या नावावर करायची नाहीत, आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. मुंबईच्या कचेरीत आणायला गेलो तेव्हा साहेबाने आम्हाला चहा पाजला. आमच्या हंड्यांनी त्याच्या कचेरीत इतकी जागा अडवली होती, की एक शिपाई म्हणे राघोआज्यात बसून डबा खायचा आणि तिथेच वामकुक्षी घ्यायचा. लाखेच्या सीलांसकट टेंपो गावात शिरला तेव्हा भंडाऱ्याच्या जागेची शेणसारवण चालू होती.

भंडारा उरकला आणि बबन आला. माझ्या आज्याचा हंडा दे, मी वारस आहे. काकीने खोलीचं दार सताड उघडलं. "ने की. कोर्टाचा माल हाय. न्यायाधीस बाई हंडा मागतील तवा मी तुजं नाव सांगीन. तुला जेलात भात कशात शिजवतात ते तरी कळंल." बबन उंबऱ्यावरूनच वळला. त्याच्यामागून हिराआजीचे तिघे येत होते, तेही वळले. त्या दिवसापासून ती मुद्देमालकाकी. गावकीच्या सात सभांना जे राखता आलं नसतं, ते शेठच्या खटल्याने राखलं. जगात कोणाचं भलं न चिंतलेली ही बाई रोज दिवेलागणीला देवीपुढे उभी राहून तो खटला लांबू दे, असं मागणं मागे. देवीनेही बहुधा घाबरूनच मान्य केलं. शेठ जामिनावर सुटून आला, त्याच्या दारात सगळ्यांत आधी काकी उभी: कल्हई राहिलीय. केंद्राच्या धाडीला न हललेला माणूस, पण कल्हईवाल्याला बोलावून भांडी लखलखीत करून देईपर्यंत त्याला घास गेला नाही.

गेल्या साली भाताची झोडणी झाली आणि काकी गेली. वकील म्हणाला, आता दुसऱ्या कोणीतरी सही करून ताबा घ्यायला हवा, नाहीतर माल परत मुंबईला जाईल. गावकी बसली. सही म्हणजे तारखा, सही म्हणजे जबाबदारी. सगळे वारस आपापल्या पायांचे अंगठे बघत होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून मी उठलो, तर वकिलाने माझं नाव लिहून घेतलं. पाय झटकायला उठलो, असं मी परोपरीने सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

काकीचं तेरावं गावाने केलं. राघोआजा चुलीवर चढला, पंगती बसल्या. भात अर्धाकच्चा होता. प्रत्येकाच्या दाताखाली कणी येत होती आणि प्रत्येकजण गिळत होता. बबन तर छान झालाय म्हणाला. एवढ्या माणसांत भाताला नावं ठेवणारं एक तोंड नव्हतं. मी पान सारलं, उठलो, चुलीपाशी गेलो, राघोआज्यात डोकं घातलं आणि आतून आचाऱ्याला विचारलं, हा भात शिजवलाय का नुसता भिजवलाय, आणि पंगत तशीच बसवून ठेवून हंडा परत जाळावर घ्यायला लावला.