मौलवींनी न सांगितलेले नाव

चौतीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हेही कधी कधी सांगता येत नाही. पण खानदेशातल्या त्या एका थंडीतले चार दिवस मला तारीखवार आठवतात. गुन्हा म्हणावा असे त्यात काही घडलेच नव्हते, तरीही.

साल एकाहत्तर. लढाईला तोंड लागून आठवडाही झाला नव्हता. मी नवा फौजदार होतो. मूळचा कोकणातला, नेमणूक धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याच्या अलीकडच्या एका बाजारगावात. गावाच्या पाठीला रेल्वे लाईन, पुढे कापसाचा बाजार. सकाळी हजेरी झाली की हवालदार शेकोटीवर चहा ठेवायचा. शेजारच्या मळ्यात काड्याकाटक्यांवर वांगी भाजत असायची आणि त्या भरिताचा वास थेट ठाणे डायरीपर्यंत यायचा. गावची अहिराणी बोली मला पहिले दोन महिने अर्धीच कळायची. हवालदार मला ती समजावून सांगे, आणि त्या निमित्ताने गावातल्या माणसांबद्दलची आपली मतेही सांगे. ती मते मी तपासून पाहिली नाहीत. नव्या माणसाचे तसेच होते. तयार उत्तर मिळाले की तो प्रश्न विचारत नाही.

एके सकाळी आबा ठाण्यात आले. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, ग्रामरक्षण समितीचे प्रमुख. सरळ माणूस. धाकटा मुलगा फौजेत, पश्चिम आघाडीवर. महिनाभर त्याचे पत्र नव्हते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक चिठोरे काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"साहेब, रेल्वेच्या कडेला सापडला. मिलिटरीच्या गाड्या याच लाईनवरून जातात. हे आकडे बघा."

कागद तळहाताएवढा होता. इतका बारीक घडी घातलेला, की घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यावर सोळा घरांचा चौकोन, प्रत्येक घरात उर्दू आकडे, आणि सगळ्यांच्या वर एक वेगळा आकडा. हवालदाराने मान हलवली. "साहेब, हे गाड्यांचे टाइम. असं लिहिणारा गावात एकच आहे, मशिदीतला मौलवी."

मी दोन पंच बोलावले, कागद जप्त केला आणि मौलवींच्या घराची झडती घेतली. एक खोली, एक ट्रंक, अरबी पुस्तके, एक जुना ट्रान्झिस्टर, खुंटीवर हिरवी चादर. हवालदाराने चादर अशी उचलली, जणू शत्रूचा झेंडाच सापडला. मौलवी पन्नाशीचे, शिडशिडीत, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, "हो, अक्षर माझंच आहे."

"कोणासाठी लिहिला?"

"ते सांगता येणार नाही."

त्या एका वाक्याने सगळे बिघडले. लढाईचे दिवस, रेल्वे लाईन, आकड्यांचा कागद आणि लिहिणारा बोलायला तयार नाही. मी त्यांना अटक केली, मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले आणि चार दिवसांची कोठडी घेतली. जिल्ह्याहून निरोप आला, की उलगडा झाला नाही तर स्थानबद्धतेचा प्रस्ताव पाठवा. म्हणजे खटल्याशिवाय तुरुंग, आणि किती दिवस ते कोणी सांगू शकत नव्हते.

पहिल्या दिवशी त्यांनी दुपारचे जेवण परत पाठवले. हवालदाराने डायरीत लिहिले, 'आरोपीने अन्न नाकारले.' मी विचारायला गेलो.

"उपोषण करताय का?"

"नाही हो, फौजदारसाहेब. रमजान संपला की ईदच्या महिन्यात आणखी सहा रोजे ठेवतो. तीन झाले, तीन राहिलेत. दिवस मावळला की जेवेन. ताट झाकून ठेवा एवढंच सांगा."

मग त्यांनी पश्चिम कोणती ते विचारले. मी हात केला. ते चटई टाकून उभे राहिले तसा हवालदार माझ्या कानाशी लागला, "बघा साहेब, पाकिस्तानकडे तोंड."

नमाज संपल्यावर मौलवी म्हणाले, "हवालदारसाहेब, मी ऐकलं. काबा मक्केला आहे, म्हणून पश्चिमेकडे. आफ्रिकेत राहिलो असतो तर पूर्वेकडे तोंड केलं असतं. यात पाकिस्तानचा काय संबंध?" आवाजात राग नव्हता. शाळेत पोराचे गणित चुकले तर गुरुजी जसे सांगतात, तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आकडे वाचायला लावले आणि मराठीत उतरवून घेतले.

"वरचा आकडा सातशे शहाऐंशी," ते म्हणाले. "आमच्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. 'अल्लाच्या नावाने सुरुवात' ही ओळ आहे ना, तिच्या अक्षरांची ही बेरीज. आता तुम्ही चौकोनातली कुठलीही ओळ मिळवा. आडवी, उभी, तिरपी, तुमची मर्जी."

मी पेन्सिल घेतली. आडव्या चार, उभ्या चार, तिरप्या दोन. दहाही वेळा सातशे शहाऐंशीच आले. गाड्यांचे वेळापत्रक काही असे जुळत नाही.

"म्हणजे हा तावीज."

"हो. आमच्यातच काही जाणकार तावीज मानत नाहीत, मलाही बोलतात. मी काही यानं रोग बरा होतो असं सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला धीर येतो, म्हणून लिहून देतो. आणि सरकारी दवाखान्यात जा, हे आधी सांगतो."

"मग नाव सांगा. मी त्या माणसाला विचारतो, खात्री होते, तुम्ही घरी जाता."

"ज्यानं नेला त्यानं कोणाला सांगू नका म्हणून शब्द घेतला आहे. ती अमानत आहे, साहेब. ठेव म्हणा. ठेव आपली नसते."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, फसू नका. यांच्या धर्मात आपल्याशी खोटं बोललं तर पाप लागत नाही." हे मी याआधीही ऐकले होते, खरेही धरले होते. पण त्या दिवशी टेबलाशी बसल्यावर एक साधा विचार मनात आला. या माणसाला खोटेच बोलायचे असते, तर 'मी स्वतःसाठी लिहिला, वाटेत पडला' एवढे म्हणायला काय हरकत होती? मी ते मानलेही असते. तुरुंगाचे दार समोर उघडे असताना इतके सोपे खोटे जो बोलत नाही, त्याच्याबद्दल हवालदाराचे म्हणणे कसे लावायचे?

त्याच दिवशी मोहल्ल्यातले तिघे जण आले. एक म्हातारा शिंपी, एक बांगडीवाला आणि एक तरुण शिक्षक. शिंप्याने एवढेच विचारले, "शुक्रवारची नमाज दुसऱ्याकडून पढवून घेतली तर चालेल ना? आणि संध्याकाळी रोजा सोडायला खजूर आणले तर?" शिक्षकाला मात्र राहवले नाही. "साहेब, माझा भाऊ फौजेत ट्रक चालवतो. तो तिकडे, आणि इथं आमच्या चादरीचा रंग तपासला जातो. लढाई लागली की पहिला प्रश्न आम्हालाच का?" शिंप्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केले. खजूर आत पोचते केले, एवढेच मी करू शकलो.

चौथ्या दिवशी मी पंचनामा पुन्हा वाचला. माझीच चूक मला दिसली. कागद कुठे सापडला ते आबांनी सांगितले होते. पण पंचनाम्यातच लिहिले होते, की आबांना तो सापडला नव्हता, त्यांच्या सालदाराला सापडला होता, आणि त्याचा जबाब मी घेतलाच नव्हता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. त्याला बोलावले.

"कुठं सापडला?"

"आबाना वाडाना मांगे, साहेब. धुनं वाळत घालतस ना, तठे." आबांच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला लागूनच रेल्वेची हद्द होती, म्हणून आबांनी 'रेल्वेच्या कडेला' म्हटले, खोटे काही सांगितले नव्हते.

"नुसता कागदच?"

त्याने खाली मान घालून खिशातून तांब्याची एक चिमुकली पेटी काढली, तिला काळा दोरा. पेटी छान दिसली म्हणून ठेवून घेतली होती. उघडल्यावर आत आकडे दिसले तेव्हा घाबरून कागद मालकाला दिला होता.

मी दोरा हातात घेतला. गाठ सुटली नव्हती, दोरा मधेच तुटला होता. तुटकी टोके जुळवून पाहिली, तर त्या फासातून माझी मूठही जाईना. दोऱ्याला तेल लागलेले होते आणि वेखंडाचा वास येत होता. घरी माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. तो वास कशाचा, हे मला कोणी सांगायला नको होते. हा दोरा तान्ह्या मुलाच्या गळ्यातला होता.

भर दुपारी मी हवालदाराला घेऊन आबांच्या घरी गेलो. आबा बाजारात होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे गाव अक्का म्हणे, ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. आतल्या खोलीत पाळणा हलत होता. मी तो दोरा खाटेवर ठेवला. अक्कांचा हात सुपातच थांबला. आत सूनबाईंनी पाळणा थांबवला आणि त्यांचा हुंदका ऐकू आला.

"साहेब, ते मन्हा नातूनं शे," अक्का म्हणाल्या. "मीच आनेल शे. पोरगा लढाईवर गया, तधळपासून हाई लेकरू तापघाई फणफणी ऱ्हायनं व्हतं. दवाखानाबी करा. पन जीवले चैन पडे ना."

"आणि मौलवींना नाव सांगू नका म्हणालात?"

"आबासले गंडादोरा चालत नही, म्हनीसन झबलाखाले दपाडी ठेयेल व्हता. मी त्यासना पाया पडनू, कोनले सांगू नका म्हनीसन." त्यांनी पदर तोंडाला लावला. "चार दिवस व्हयनात, मन्हा घशाखाले घास उतरत नही. माले धरी ल्या साहेब, पन त्या मानूसले सोडा."

मी वळलो तर दारात आबा उभे होते. कधी आले होते कोणास ठाऊक. त्यांनी बायकोकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले. मला वाटले आता ओरडतील. ते तिथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "साहेब, मी ते गाड्यांचेच आकडे समजून कागद आणला होता."

"मला माहीत आहे, आबा."

"मौलवींना ठाऊक होतं का, की फिर्याद मी आणली?"

"पहिल्या दिवसापासून."

आबा तसेच उठून माझ्याबरोबर ठाण्यात आले. मी कोठडीचे कुलूप काढायला लावले आणि अक्कांनी स्वतःच सगळे सांगितल्याचे मौलवींच्या कानावर घातले. आबा हात जोडून उभे राहिले. मौलवीच आधी बोलले.

"आबा, पोराचं पत्र आलं का?"

आबांनी नुसती मान हलवली. नाही.

"येईल. मी रोज त्याच्यासाठी दुआ मागतो." आणि मग, "बाळाचा ताप उतरला?"

तेव्हा तो सहा फुटी माणूस माझ्या टेबलाला धरून रडला. हवालदार पाणी आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मौलवींनी माझ्याकडे एकच मागणे मागितले, की कागदोपत्री बाईंचे नाव येऊ नये. मी अहवालात लिहिले, 'सदर कागद लहान मुलाच्या गळ्यातील तावीज असल्याची समक्ष खात्री झाली. संशयास कारण नाही.' जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर नाव विचारले. मी म्हटले, नाव माझ्याकडे ठेवतो, खात्रीची जबाबदारी माझी. त्यांनी 'ठीक' म्हटले.

नाव लपवायची गरज मात्र आबांनीच ठेवली नाही. त्यांनी आपली धमणी, म्हणजे बैलांची छताची गाडी, ठाण्यापुढे आणवली, मौलवींना शेजारी बसवले आणि बाजाराचा दिवस असूनही मुद्दाम भर पेठेतून नेली. कोणी विचारले की गाडी थांबवून सांगायचे, "कागद मन्हाच घरना व्हता. चूक मन्ही शे." मी ठाण्याच्या पायरीवरून ती गाडी मशिदीच्या वळणापर्यंत जाताना पाहिली. पत्र जानेवारीत आले. मुलगा सुखरूप होता.

बदली झाली तेव्हा मी मौलवींना भेटायला गेलो. मनात राहिलेला प्रश्न विचारला. स्वतःसाठी लिहिला म्हणाला असतात तर त्याच दिवशी सुटला असतात, मग तसे का केले नाहीत?

"सुटलो असतो," ते म्हणाले. "पण लोक आमच्याबद्दल जे बोलतात, ते वाद घालून पुसलं जात नाही, साहेब. एखादा माणूस तसा नाही हे त्यांना स्वतः पाहावं लागतं. तेवढी संधी मला मिळाली होती."

त्या प्रकरणाने मला तपासाचे नवे तंत्र शिकवले असे नाही. सालदाराचा जबाब पहिल्याच दिवशी घेतला असता तर मौलवी चार दिवस गजाआड राहिले नसते. शिकवले ते वेगळेच. ज्या लोकांबद्दल मी छातीठोक मते बाळगून होतो, त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी तोवर चहा घेतला नव्हता. त्यानंतर चोपड्याला, जळगावला, जिथे जिथे नेमणूक झाली तिथे पहिल्या आठवड्यात मी विनाकामाचा मोहल्ल्यात जाऊन बसू लागलो. जे कळले नाही ते त्यांनाच विचारू लागलो. काही जण हसून सांगत, काही जण चिडून. चिडणाऱ्यांचाही मला राग येत नसे. तोच तो प्रश्न पिढ्यान् पिढ्या ज्याला विचारला जातो, तो कधी तरी चिडणारच. विचारणाऱ्याने तेवढे ऐकून घ्यावे, आणि उत्तर संपेपर्यंत उठू नये.