बिनमिरचीची कोशिंबीर

नंदुरबारात राहून मिरची सोडणं काय असतं, ते आज पुन्हा कळलं.

संधिवातामुळे डॉक्टरांनी मला मिरची, टोमॅटो, दाणे बंद केलेत. सुजलेल्या बोटांनी कोबी, गाजर, काकडी चिरली, मीठ-लिंबू घालून झाकून ठेवली आणि अंघोळीला गेले.

येऊन बघते तर सासूबाईंनी वर लाल मिरचीची फोडणी ओतलेली, दाण्याचा कूटही. म्हणाल्या, "इतलं फिकं कसं खाशी वं? तोंडले जराशी चव येवू दे."

बाकीच्यांनी मिटक्या मारत संपवली. नवरा म्हणाला, "रोज अशीच करत जा."

याच घरात एकादशीच्या साबुदाण्याला हळदीचा चमचा लागू देत नाहीत.

उद्यापासून विचारलं की सांगणार आहे, माझा मिरची-दाण्यांचा उपवास आहे. तुमच्यापैकी कोणी असं करून पाहिलंय?